एप्रिलचा फोटो

हरिश्चंद्रने चेहऱ्यासमोरच्या हवेत तिसऱ्यांदा हात मारला, तेव्हा मालनच्या बोटांत गुंडाळली जात असलेली प्लॅस्टिकची पट्टी अर्ध्यावरच थांबली.

"काय झालं हो?"

"कोळिष्टक. ह्या शेडात झाडू म्हणून कोण मारत नाय."

पलीकडे पिशव्यांत माती भरत बसलेल्या सखूला हे लागले. नर्सरीत तिची अठरा वर्षे गेली होती आणि झाडू तिच्याच ताब्यात होता. "काल सबंद दुपार मारलाय मी झाडू, दादा. उगाच नावं ठेवू नका. वयनी, तुमी बगा. हाय काय कुठं जाळं?"

मालनने पाहिले. नव्हते.

"हातातला चाकू खाली ठेवा," ती म्हणाली. "आणि डावा डोळा झाका."

"आता हे कशाला?"

"झाका. उजव्यानं काय दिसतं?"

हरिश्चंद्रने चिकाने काळवंडलेला तळवा डाव्या डोळ्यावर धरला. "तूच दिसतंयस," तो म्हणाला. "पण तुझ्या तोंडावरनं काळे दोरे सरकतायत. मान हलवली का तेही हलतात."

पावस गावातल्या त्या शेडमध्ये जुलै महिन्यात बोलण्याला फारशी सवड नसते. कोयीतून उगवलेल्या रायवळ रोपाची पाने तांबूस आहेत तोवरच कलम बांधावे लागते. रोपाचा, म्हणजे खुंटाचा, शेंडा उडवायचा, दांड्याला उभी चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा काप द्यायचा आणि ती चिरेत बसवून पट्टीने आवळायची. साल सालीला मिळाली पाहिजे. केसभर चुकले तरी काडी आठवड्यात काळी पडते. हरिश्चंद्र दिवसाला तीनशे कलमे बांधी, त्यांतली दोनशे सत्तर तरी जगत. आसपासच्या नर्सऱ्यांत हा हिशेब कुणाचा नव्हता. मालन रत्नागिरीच्या एका खाजगी लॅबमध्ये टेक्निशियन होती. दरवर्षी या हंगामात ती चार दिवस रजा काढून पट्ट्या बांधायला बसे. काप मात्र तोच देई, आणि उजव्या डोळ्याजवळ काडी धरूनच देई.

"काड्या कापून ठेवल्यात," तो चाकूकडे हात नेत म्हणाला. "दुपारपतुर बांधल्या नायत तर सुकतील."

"सुकू देत."

सखूने मातीतून हात बाहेर काढले. सव्वीस वर्षांच्या संसारात मालन काड्यांबद्दल असे कधी बोलली नव्हती.

रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या डॉक्टर, मृणाली मॅडम, कोल्हापूरहून रत्नागिरीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात महिन्यातून दोनदा शनिवारी येत. आज शुक्रवार होता. एवढ्या एका बाबतीत नशीब बरे म्हणायचे, असे दुसऱ्या कुणाच्याही मनात आले असते. मालन नशीब मानत नव्हती. तिने फोन करून पहिला नंबर लावला, हरिश्चंद्रला ओटीवरच्या खुर्चीत ताठ बसवले आणि आडवे व्हायला मनाई केली. डोळ्यात उतरलेले रक्त खाली बसले तर नजरेच्या मधला भाग थोडा मोकळा राहील, इतके तिला ठाऊक होते.

दर अर्ध्या तासाने ती त्याचा डावा डोळा झाकून बोटे दाखवू लागली. अकरा वाजता त्याने तीन बोटे अचूक सांगितली. साडेबाराला सांगितली, पण विचार करून. दोनच्या सुमारास काळे दोरे जाऊन त्यांच्या जागी तांबूस धूर आला.

"चार. चारच हायत, मालन," तो वैतागून म्हणाला. "किती वेळा तेच? मी दमलो आता."

"मी दोनच दाखवली होती."

"मग दोनच म्हणालो की मी."

"तुम्ही चार म्हणालात."

मालनने बोटे मिटली.

एप्रिलमध्ये त्याचे रक्त मालननेच काढले होते, आणि तेही सहज. लॅबमध्ये नवे यंत्र आले होते, हरिश्चंद्र आंबा पोचवायला शहरात आला होता, आणि रात्री लघवीला दोन-दोनदा उठावे लागते असे तो चार दिवसांपूर्वी म्हणाला होता. निरोगी माणसात सहाच्या आत असणारा तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा यंत्राने दिला : बारा पूर्णांक आठ. मालनने विश्वास ठेवला नाही. तिने आधी यंत्राची परीक्षा घेतली. माहीत असलेल्या नमुन्याचे उत्तर बरोबर आले. मग त्याचा नमुना पुन्हा लावला. बारा पूर्णांक सात. तेव्हा तिने विश्वास ठेवला. तीन महिन्यांमागे किती वर्षे हेच चालले होते, ते रक्तात लिहिलेले नसते.

त्यानंतर घरात जे उपाय येऊ लागले, त्यांना तिने उंबऱ्यावरच अडवले. जांभळाच्या बियांची पूड आली, कारल्याचा रस आला. सखू पदरात बांधून कसलीशी मुळी घेऊन आली.

"कुणावर तपासलंय हे?" मालनने विचारले होते.

"माज्या सासऱ्यावर."

"मग?"

"मेला तो. पन साखरेनं नाय मेला."

फिजिशियनने इन्सुलिन लिहून दिले. मात्रा डॉक्टरांची होती, कडकपणा मालनचा. दुपारचा भात तिने पहिल्याच दिवशी बंद केला. आंब्याच्या हंगामात आंब्याच्या माणसाला तिने एक फोड चाखू दिली नाही. दिवसातून चार वेळा बोटाला सुई टोचून ती आकडे लिही, आणि आकडे उतरत. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सरासरी सहा पूर्णांक नऊ आली. इतक्या थोड्या काळात एवढी उतरलेली साखर तिच्या लॅबने क्वचित पाहिली होती. तो कागद तिने लॅबमधल्या मुलींना दाखवला. बावीस वर्षांत तिने लॅबमध्ये घरची गोष्ट काढली ती तेवढीच.

फिजिशियनच्या कागदावर तीन ओळी होत्या. पहिली इन्सुलिनची, दुसरी गोळीची. तिसरीत लिहिले होते : डोळ्यांचा पडदा लगेच तपासून घेणे.

त्याच दिवशी, एसटीत बसल्यावर, हरिश्चंद्रनेच विचारले होते, "ते डोळ्यांचं कधी करायचं?"

"आधी जरा साखर उतरू दे," ती म्हणाली होती. "मग जाऊ."

याची कारणे दोन होती. एक सांगण्यासारखे होते, की हंगाम होता. दुसरे कुणाला सांगण्यासारखे नव्हते. शहरातले बहुतेक डॉक्टर मालनला तिच्या रिपोर्टांवरून ओळखत, डोळ्यांच्या दवाखान्यातले पेशंटही तिच्याकडेच येत, आणि साखर वाढवून येणाऱ्याला ती काउंटरवरच फैलावर घेई. त्याच दवाखान्यात स्वतःच्या नवऱ्याचे बारा पूर्णांक आठ घेऊन जायचे तिच्या जिवावर आले. तिला हातात चांगला रिपोर्ट हवा होता. आता तो होता.

शनिवारी सकाळी दवाखान्यात हरिश्चंद्रच्या दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करणारे थेंब घातले गेले. दोघे बाकावर बसली. तो डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून, एसटीत बसतो तसा बसला होता. मालनच्या मांडीवर प्लॅस्टिकची फाईल होती आणि सहा पूर्णांक नऊचा कागद सर्वांत वर होता.

मृणाली मॅडम पस्तिशीच्या असाव्यात. कमी बोलत, आणि तपासताना अजिबात बोलत नसत. उजव्या डोळ्यात त्यांना रक्तापलीकडचे काही दिसेना, म्हणून त्याची सोनोग्राफी केली. डाव्या डोळ्याचा फोटो काढला. मग त्यांनी पडद्याचा फोटो संगणकावर लावला आणि दोघांना जवळ बोलावले. नारिंगी गोलावर रक्तवाहिन्या पसरल्या होत्या. एका कडेला, जिथे काहीच असायला नको, तिथे बारीक, गुंतलेल्या, ताज्या वाहिन्यांचा झुबका होता.

"ह्या नव्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "उजव्या डोळ्यातही अशाच असणार. त्यातली एक फुटली."

"नव्या कशा काय येतात?" हरिश्चंद्रने विचारले.

"पडद्यातल्या पेशी फार खादाड असतात. साखर जाळतात, प्राणवायू मागतात. बरीच वर्षं साखर जास्त राहिली की त्यांना पुरवठा करणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होऊन बंद पडतात. मग उपाशी पेशी एक रसायन सोडतात. त्या रसायनाचा अर्थ इतकाच, की इकडे नवी वाहिनी पाठवा. वाहिन्या येतात, पण कच्च्या येतात. गळतात, फुटतात."

हरिश्चंद्र विचारात पडला. आयुष्यभर जे केले त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय तो काही स्वीकारत नसे. "आमच्याकडं होतं असं," तो म्हणाला. "वरच्या काडीला रस पोचेनासा झाला का खुंट खालनं धुमारे फोडतो. दिसायला टवटवीत. कामाचे नसतात. आमी ते खुडतो. तुमी खुडता काय, मॅडम?"

"खुडता येत नाहीत. इंजेक्शन देऊन त्यांना वाळवतो. आणि लेसरने पडद्याचा कडेचा उपाशी भाग जाळतो. तिथल्या पेशीच राहिल्या नाहीत की मागणी थांबते. मधली नजर वाचते. बाजूचं थोडं कमी दिसतं."

"म्हंजे धुमारे वाळवायचे न् जमीनच जाळायची."

"साधारण तसंच," मॅडम म्हणाल्या. त्यांना ते आवडलेले दिसले, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी फाईल उघडली. पहिला कागद वाचला, मग खालचा, मग पुन्हा पहिला. "बारा आठवरून सहा नऊ. सव्वातीन महिन्यांत?"

"हो," मालन म्हणाली. या प्रश्नासाठी ती चौदा आठवडे थांबली होती. पण विचारण्याचा सूर तिने कल्पिला होता तसा नव्हता.

"उतरवायच्या आधी पडदा पाहिला होता का?"



"सीझन होता ओ, मॅडम," हरिश्चंद्र म्हणाला. "ही सांगीत होती, जाऊ या, जाऊ या म्हणून. मीच नाय आलो. आंबा टाकून कोण येतं?"

तो संगणकावरच्या फोटोकडे तोंड करून बोलत होता. थेंबांमुळे त्याला फोटो धड दिसत नव्हता, मालनही दिसत नव्हती. मॅडमनी केसपेपरवर इंग्रजीत चार शब्द लिहिले. मालन टेबलाच्या दुसऱ्या बाजूला होती, पण उलटे अक्षर वाचण्याची तिला बावीस वर्षांची सवय होती. पेशंटने तपासणी टाळली.

"का विचारलंत?" ती म्हणाली. आपला आवाज तिला काउंटरवरच्या एखाद्या पेशंटसारखा वाटला.

"साखर झपाट्यानं उतरली की काही जणांत सुरुवातीला पडदा बिघडतो. म्हणून आधी पाहतो आम्ही. गरज असली तर लेसर करून ठेवतो, मग साखर उतरली तरी भीती कमी."

"असं का होतं?"

"भरल्या ताटाची सवय लागलेल्या पेशींना ताट एकदम लहान झाल्यावर जास्त भूक लागते आणि त्या जास्त ओरडतात, असा एक अंदाज आहे. आणखी दोन-तीन अंदाज आहेत. नक्की सिद्ध झालेलं नाही. साखर उतरवलीत हे चुकलं नाही. ती उतरवायलाच हवी होती. मूत्रपिंडं, पाय, हृदय, सगळ्यांना त्याचा फायदाच आहे."

"म्हणजे हे माझ्यामुळे झालं?"

मॅडमनी पेन खाली ठेवले. "ते सांगता येणार नाही. कदाचित ह्या वाहिन्या एप्रिलमध्येच असतील आणि फुटायच्या त्या फुटल्याच असत्या. कदाचित नसतील. तुमच्याकडे एप्रिलचा फोटो नाही."

मालनला याहून स्पष्ट उत्तर कुणी देऊ शकले नसते. सुरुवातीचे मोजमाप नसेल तर बदलाबद्दल बोलू नये, हे ती शिकाऊ मुलींना पहिल्या आठवड्यात शिकवी. चौदा आठवड्यांचे चारशेच्या आसपास आकडे तिच्याजवळ होते. हवा होता तो एक फोटो नव्हता, आणि तो आता जगातले कुठलेही यंत्र काढू शकणार नव्हते. एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही, हेही तिला पाठ होते. पण त्या एका माणसाला डोळे दोनच होते.

उजव्या डोळ्यात इंजेक्शन आणि डाव्याला लेसरची पहिली बैठक, दोन्ही आजच करायचे ठरले. संमतीपत्रावर हरिश्चंद्रने सही केली, मॅडमच्या मदतनीस मुलीने रेघेवर टेकवून दिलेल्या पेनने. सही रेघेच्या खाली गेली.

"कलमं कधी बांधता येतील?" त्याने उठता उठता विचारले. "पंधरा दिवसांत पानं हिरवी होतात. मग खुंट फुकट."

"ह्या वर्षी नाही," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या वर्षीचं, रक्त ओसरल्यावर बघू. आश्वासन देत नाही."

"बरं," तो म्हणाला. भिंतीला हात लावत तो मुलीच्या मागून आत गेला.

दार लागले. मालन मात्र उठली नाही.

"मॅडम, केसपेपरवरची एक नोंद चुकीची आहे."

"कुठली?"

"तपासणी यांनी टाळली नाही. एप्रिलमध्ये यांनी मला स्वतः विचारलं होतं. मी थांबवलं. आकडा वाईट होता. तो घेऊन इथं यायची मला लाज वाटली."

पाच वाक्ये बोलायला तिला एक नळी रक्ताने भरण्याइतका वेळ लागला. मॅडम ऐकत राहिल्या. "याने उपचारात काही फरक पडत नाही," त्या म्हणाल्या.

"उपचारात नाही."

मॅडमनी केसपेपर पुढे ओढला आणि ते चार शब्द गिरवून काळे करायला पेन उचलले.

"तसं नको," मालन म्हणाली. "एकच आडवी रेघ मारा. खालचं वाचता आलं पाहिजे. खरं ते वर लिहायचं, बाजूला सही आणि तारीख. आमच्याकडे असंच दुरुस्त करतात. खाडाखोड केली की काय लपवलं ते कळत नाही."

मॅडमनी एक आडवी रेघ मारली. वर लिहिले : तपासणी पत्नीने पुढे ढकलली. सही केली, तारीख घातली. मग क्षणभर थांबून त्यांनी पेन मालनकडे सरकवले. मालनने बाजूला सही केली. रोज शंभर रिपोर्टांवर करते तीच, पूर्ण नावाची, वाचता येणारी.

मॅडम इंजेक्शन द्यायला आत गेल्या, आणि बाहेरच्या बाकावर मालनला सखूचा फोन आला. पाठीमागे पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"वयनी, काड्या ओल्या गोणपाटात ठेवल्यात. चाळीस मी बांदल्या."

"तुम्ही? कापही तुम्हीच दिलात?"

"मंग कोण देनार? अठरा वर्सं बगत्येय मी. दादांना नका सांगू हां इतक्यात, वराडतील माज्यावर. डोला कसा हाय त्यांचा?"

"इंजेक्शन चालू आहे."

"डोल्यात?" सखूचा आवाज बसला. "डोल्यात सुई? अगं बाय माजे." आणि जरा वेळाने, "मी आनखी वीस बांदत्येय."

हरिश्चंद्र बाहेर आला तेव्हा उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि डावा डोळा लेसरच्या झगझगाटाने लाल होऊन पाणावलेला. मुलीने त्याला बाकापर्यंत आणून सोडले. मालन त्याला चाचपडू न देता पुढे सरकली आणि तो तिच्या शेजारी बसला.

"दुखलं?"

"इंजेक्शन नाय. लेसर जरा. हिरवा उजेड नुसता टकटक करतो. सहाशे मोजले मी. मग सोडून दिलं." तो थोडा थांबला. "तू आत काय करत होतीस इतका वेळ? ती पोरगी म्हणाली, मॅडमशी बोलतायत."

"एक नोंद चुकली होती. दुरुस्त करून घेतली."

त्याला समजायला वेळ लागला नाही. त्याने पाणावलेल्या डोळ्याने तिच्या दिशेला पाहिले, नेमके तिच्याकडे नाही, थोडे कानाच्या बाजूला.

"माझ्या नावावर ऱ्हायली असती तर काय बिघडलं असतं?"

"खोटी राहिली असती."

"असल्या शंभर खोट्या नोंदी असतात," तो म्हणाला. मग सावकाश म्हणाला, "तुला तिथं मान खाली घालायला लागू नये म्हणून बोललो मी." तोच पुढे म्हणाला, "तुला माहीत होतं काय, असं होतं म्हणून? साखर एकदम उतरवल्यावर?"

"नाही."

"मग झालं."

झाले नव्हते. कागद वाचता येत होता, तिसरी ओळ होती, आणि 'लगेच' हा शब्द तिला समजत नव्हता अशातला भाग नव्हता. पण त्याने त्या दोन शब्दांवर प्रकरण मिटवले होते. त्याच्यापुढे ते पुन्हा उघडणे म्हणजे आपल्या मनाचे ओझे त्याच्या डोळ्यावर ठेवणे, इतके तिला कळले. आपण सुटलो नाही, आणि दोषीही ठरलो नाही. या अवस्थेला तिच्या शास्त्रात नाव होते. निष्कर्ष काढण्यास पुरेशी माहिती नाही. अशा रिपोर्टावर सही करून तो पेशंटच्या हातात द्यायचे ती अनेक वर्षे करत आली होती. तो पेशंट घरी जाऊन त्याचे काय करतो, याचा विचार तिने कधी केला नव्हता.

पुढची तारीख मिळाली. थेंबांची बाटली, दिवसाला चार वेळा. साखरेचा सहाचा आकडा तसाच सांभाळायचा, हे मॅडमनी दारातून पुन्हा सांगितले. मालनने मान हलवली.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरल्या की रस्ता, आणि रस्ता ओलांडला की पावसच्या गाडीचा थांबा. पाऊस भुरभुरत होता, रिक्षा पाणी उडवत जात होत्या. सव्वीस वर्षे हरिश्चंद्र रस्त्यात तिच्या चार पावले पुढे चालत आला होता. त्यांच्या गावातले सगळेच पुरुष तसे चालत, आणि मागे वळून पाहत नसत. आता तो शेवटच्या पायरीवर थांबला.

मालनने हात पुढे केला. समोर थांब्यावर पंधरा-वीस माणसे उभी होती, त्यांतली निम्मी ओळखीची. हरिश्चंद्रने हात धरला नाही. त्याने चाचपून तिच्या खांद्यावरच्या पर्सचा पट्टा शोधला, मुठीत पकडला आणि ओढून एकदा त्याची मजबुती पाहिली.

"चल," तो म्हणाला.

ती एक पाऊल पुढे झाली. पट्टा ताणला गेला, मग सैल पडला. तो मागून येत होता.